जवानाच्या मुलांचे शिक्षण आणि कागदावरचा एक शेरा

सातारा जिल्ह्यात घरटी एक माणूस फौजेत असतो असे म्हटले जाते. अपशिंगे हे गाव तर आपल्या नावापुढे ‘मिलिटरी’ लावूनच ओळखले जाते, आणि पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे ४६ जवान कामी आले. अशा भागात सारी नोकरी शिक्षक म्हणून झाल्यामुळे माझ्या वर्गात सैनिकांची मुले नेहमीच असत. त्यांपैकी काहींच्या वडिलांना तिरंग्यात लपेटून गावी आणले गेले, तर काहींचे वडील हातपाय, दृष्टी किंवा मनाचे स्वास्थ्य गमावून मुदतीआधीच ‘बोर्ड आउट’ होऊन, म्हणजे वैद्यकीय मंडळाने सेवेस अपात्र ठरवल्यामुळे, घरी आले. निवृत्तीनंतर मी अशा घरांतील मुलांचे शिष्यवृत्तीचे आणि फी-सवलतीचे अर्ज भरून देतो. दहावी-बारावीचे निकाल लागले की तेच प्रश्न पुन्हा विचारले जातात: कोणाला काय मिळते, किती मिळते, आणि शेजारच्या घरातील मुलाला जे मिळाले ते आमच्या मुलाला का मिळाले नाही.

हा शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण त्याचे उत्तर मुलाच्या हुशारीत किंवा घरच्या परिस्थितीत सहसा सापडत नाही. जवान कशामुळे गेला किंवा कशामुळे अपंग झाला याबद्दल सैन्याने पहिल्या काही महिन्यांत केलेल्या नोंदीत, म्हणजे कागदावरच्या त्या शेऱ्यात, ते असते. त्या दिवसांत घरातले कोणीही कागद वाचण्याच्या मनःस्थितीत नसते, आणि पुढची पंधरा-वीस वर्षे मुलांचे शिक्षण मात्र त्याच नोंदीवर चालते. सवलती कमी आहेत असे मला वाटत नाही. त्या मुलांपर्यंत पोहोचवणारा कागद घराने वेळेवर मागून, वाचून, गरज पडल्यास दुरुस्त करून घेतला पाहिजे, आणि त्या घराला ते जमत नसेल तर गावातल्या शिकल्यासवरल्या माणसांनी ते काम अंगावर घेतले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

या सवलतींचा पाया १९७१ च्या युद्धात घातला गेला. १६ डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली आणि १८ डिसेंबर १९७१ रोजी, म्हणजे अवघ्या दोन दिवसांनी, सरकारने लोकसभेत जाहीर केले की या युद्धात कामी आलेल्या, बेपत्ता झालेल्या किंवा कायमचे अपंगत्व आलेल्या जवानांच्या मुलांच्या शिक्षणाचा खर्च सरकार करील. पुढच्या वर्षी योजना प्रत्यक्षात आली. तिच्यात शिक्षण शुल्काची पूर्ण भरपाई, शाळेच्या बसचे भाडे, वसतिगृहाचा खर्च, पुस्तके आणि गणवेश या सर्वांचा समावेश होता. कालांतराने श्रीलंकेतील ‘ऑपरेशन पवन’, सियाचीनमधील ‘ऑपरेशन मेघदूत’ आणि दहशतवादविरोधी कारवाया यांतील जवानांच्या मुलांनाही ती लागू झाली. युद्ध संपल्यावर विजयाचा गुलाल अंगावर असतानाच कामी आलेल्यांच्या मुलांच्या शाळेचा विचार झाला, याबद्दल मला आजही त्या निर्णयाविषयी आदर वाटतो.

२०१७ मध्ये या योजनेला धक्का बसला. सातव्या वेतन आयोगाच्या शिफारशींनंतर सप्टेंबर २०१७ मध्ये संरक्षण मंत्रालयाने आदेश काढला आणि १ जुलै २०१७ पासून शिक्षण शुल्क व वसतिगृह खर्च मिळून महिन्याला १०,००० रुपयांची कमाल मर्यादा घातली. तेव्हाच्या बातम्यांनुसार सुमारे ३,४०० मुलांना याचा फटका बसणार होता आणि सरकारची वर्षाला वाचणारी रक्कम होती सुमारे ५ कोटी रुपये. देशाच्या संरक्षणाच्या अंदाजपत्रकात ५ कोटींना काय मोल आहे हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही. परंतु वसतिगृहात राहून अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला शिकणाऱ्या मुलाच्या आईला मात्र त्या आदेशाने रात्र-रात्र झोप लागली नसेल. तेव्हाचे नौदलप्रमुख ॲडमिरल सुनील लांबा यांनी संरक्षणमंत्री निर्मला सीतारामन यांना पत्र लिहून ही मर्यादा काढण्याची विनंती केली, संसदेतही प्रश्न उपस्थित झाला, आणि अखेर मार्च २०१८ मध्ये मर्यादा मागे घेतली गेली. आमच्या भागात काही जण अजूनही ‘आता दहा हजारच मिळतात’ असे सांगतात. ते खरे नाही. ती मर्यादा उठली आहे.

या सवलतीच्या कक्षा समजून घ्याव्या लागतात. सरकारी, अनुदानित, सैनिकी आणि केंद्र किंवा राज्य सरकारची मान्यता असलेल्या शाळा-महाविद्यालयांसाठी ती आहे आणि पहिल्या पदवीपर्यंतच आहे. देणगी किंवा अनामत रक्कम तिच्यात धरली जात नाही. पुस्तकांसाठी वर्षाला २,००० रुपये धरले आहेत, आणि एका वर्षाच्या वह्या-पुस्तकांचे आजचे दर पाहता ते अपुरे आहेत. अडचणीची बाब अशी की आधी फी भरायची, पावती आणि शाळाप्रमुखाचे प्रमाणपत्र जोडायचे आणि मग परतावा मागायचा असा क्रम आहे. जिच्या हातात एकरकमी पैसे नाहीत ती आई भावाकडे, दिराकडे किंवा बचत गटाकडे हात पसरते, आणि परतावा येईपर्यंत त्या उसनवारीचे ओझे वाहते. एखाद्या महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी मनात आणले तर अशा मुलाकडून फी परतावा आल्यावर घेता येते. मी ओळखत असलेल्या एका प्राचार्यांनी ती घेतलीही आहे, आणि त्यासाठी त्यांना कोणताही नियम मोडावा लागला नाही.

आता त्या शेऱ्याकडे येतो. सैन्यात मृत्यूची नोंद ढोबळमानाने दोन प्रकारे होते. शत्रूशी, दहशतवाद्यांशी किंवा ठरावीक कारवाईच्या क्षेत्रात झालेली हानी ‘बॅटल कॅज्युअल्टी’ म्हणून नोंदवतात आणि बाकीची ‘फिजिकल कॅज्युअल्टी’ म्हणून. निवृत्तिवेतनासाठी याहून बारीक वर्गवारी असते आणि तिला अ, ब, क, ड, ई अशा पाच पायऱ्या आहेत. सेवेशी संबंध नसलेला आजार किंवा अपघात पहिल्या पायरीवर, सेवेमुळे जडलेला आजार दुसऱ्या, कर्तव्यावर असताना झालेला अपघात तिसऱ्या, आणि दहशतवादी हल्ला व युद्धजन्य कारणे शेवटच्या दोन पायऱ्यांवर मोडतात. पत्नीला मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतनही याच क्रमाने ठरते: सर्वसाधारण प्रकारात शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के, विशेष प्रकारात ६० टक्के, आणि उदारीकृत प्रकारात पूर्ण वेतनाइतके. मुलांच्या शिक्षणाच्या सवलती, शिष्यवृत्तीतील प्राधान्य आणि वैद्यकीय प्रवेशातील जागा या सर्व गोष्टी याच पायऱ्यांवरून खाली-वर होतात.

एक उदाहरण सर्वांना माहीत असलेले आहे. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचीनमधील सोनम चौकीवर, जवळजवळ १९,६०० फूट उंचीवर, हिमकडा कोसळून दहा जवान गेले आणि त्यांत आमच्या माण तालुक्यातील एक जवान होता. तिथे एकही गोळी सुटली नव्हती, तरी ती हानी कारवाईतलीच आहे याबद्दल कोणाच्या मनात शंका आली नाही, आणि येऊही नये. परंतु त्याच माणसाला सहा महिने बर्फात काढून खाली आल्यावर, दुसऱ्या ठिकाणी, बरॅकमध्ये झोपेत हृदयविकाराचा झटका आला असता, तर प्रश्न विचारला गेला असता: हा आजार सेवेमुळे झाला की नाही? आणि रजेवर घरी असताना शेतात कोसळला असता, तर त्याच्या मुलांसमोरच्या वाटा आणखी अरुंद झाल्या असत्या. बापाविना वाढणाऱ्या मुलाच्या दृष्टीने या तीन मृत्यूंत काहीही फरक नसतो. फीची पावती तिन्ही घरांत सारखीच येते.

या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये धर्मवीर सिंग विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात दिलेला निकाल प्रत्येक फौजी घराला माहीत असायला हवा. भरतीच्या वेळी तपासणीत जो आजार नोंदवलेला नव्हता आणि जो पुढे सेवेत असताना दिसून आला, तो सेवेमुळेच उद्भवला असे गृहीत धरावे, आणि तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी जवानावर नसून शासनावर असते, असे न्यायालयाने सांगितले. या निकालाच्या आधारे अनेकांना अपंगत्व निवृत्तिवेतन मिळाले. सप्टेंबर २०२३ मध्ये हानी आणि अपंगत्वाच्या भरपाईचे नवे नियम लागू झाले असल्यामुळे त्यानंतरच्या प्रकरणांत कोणता नियम लावला गेला हे तपासून पाहावे लागते. तरीही दाद मागण्याचा मार्ग खुला आहे: आधी खात्यांतर्गत पहिले अपील, मग दुसरे, आणि तिथेही न्याय मिळाला नाही तर सशस्त्र दल न्यायाधिकरण. त्याचे एक खंडपीठ मुंबईत आहे. शेरा चुकीचा वाटत असेल तर तो नशिबाचा भाग म्हणून सोडून देऊ नये. तो माणसांच्या मंडळाने मारलेला असतो आणि माणसांच्या दुसऱ्या मंडळाला तो बदलता येतो.

अशा घरात कागद कुठे असतात हे सांगायला हवे. काळ्या रंगाची पत्र्याची ट्रंक असते. तिच्यावर पांढऱ्या रंगाने सैनिक क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटणीचे नाव रंगवलेले असते. तिच्यात तळाला गणवेश, त्यावर पदकांची डबी, आणि एका प्लास्टिकच्या पिशवीत घड्या पडून पडून घडीवरच फाटलेले कागद. मी सर्वप्रथम तीन कागद शोधतो: पेन्शनचा आदेश, म्हणजे ज्याला सगळे पीपीओ म्हणतात तो, डिस्चार्ज बुक किंवा मृत्यूविषयी रेकॉर्ड ऑफिसने, म्हणजे पलटणीच्या सेवानोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाने, दिलेले पत्र, आणि कुटुंबातील माणसांची नोंद असलेला पार्ट टू ऑर्डरचा उतारा. पहिल्यावर निवृत्तिवेतनाचा प्रकार असतो आणि त्यावरूनच निम्मी गोष्ट कळते. एकदा एका वहिनींनी माझ्यासमोर असा पीपीओ ठेवला, त्यावर ‘विशेष कुटुंब निवृत्तिवेतन’ असे स्पष्ट लिहिलेले होते. जवानाचा मृत्यू सेवेमुळे झाल्याचे सैन्याने मान्य केल्याशिवाय ते शब्द तिथे येत नाहीत. त्या बाईंना मात्र इतकी वर्षे कोणीतरी सांगितले होते की, “तुमचे मालक लढाईत गेले नाहीत, तेव्हा मुलांना काही मिळायचे नाही.” मोठ्या मुलाचे पदवीचे शिक्षण तोवर कर्ज काढून संपलेही होते. धाकटीचा अर्ज आम्ही त्याच आठवड्यात केला.

दुसरी नेहमीची अडचण नावांची आणि तारखांची. जवानाने लग्नानंतर पलटणीत पत्नीचे नाव नोंदवले ते सासरचे. तिच्या शाळेच्या दाखल्यावर माहेरचे. आधार कार्डावर तिसरेच. मुलगी झाली तेव्हा वडील सीमेवर होते, त्यांनी घरून आलेल्या पत्रावरून जन्मतारीख कळवली आणि शाळेत नाव घालताना आजोबांनी जूनचा हिशेब धरून वेगळी तारीख सांगितली. वडील हयात असताना ही दुरुस्ती एका अर्जावर झाली असती. ते गेल्यावर मात्र प्रतिज्ञापत्र, राजपत्र, जन्मनोंदीचा उतारा, तहसील, मग जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आणि तिथून रेकॉर्ड ऑफिस असा प्रवास करावा लागतो. मराठा लाइट इन्फंट्रीचे रेकॉर्ड ऑफिस बेळगावला आहे, महार रेजिमेंटचे केंद्र मध्य प्रदेशात सागरला, तोफखान्याचे नाशिकला; त्यामुळे जवान कोणत्या पलटणीचा यावर त्या घराचे किती हेलपाटे होतात हे ठरते. सेवेत असलेल्या प्रत्येक जवानाला माझे कळकळीचे सांगणे आहे: रजेवर घरी आलात की मुलांचे जन्मदाखले आणि पत्नीचे आधार कार्ड घेऊन बसा आणि पलटणीतील नोंद अक्षरन् अक्षर जुळते का ते पाहा. यात अशुभ काही नाही. विमा उतरवताना आपण वारसाचे नाव लिहितोच.

पंतप्रधान शिष्यवृत्ती योजना २००६-०७ पासून सुरू आहे. राष्ट्रीय संरक्षण निधीतून तिला पैसा मिळतो आणि केंद्रीय सैनिक बोर्ड ती चालवते. माजी सैनिकांच्या मुलांना आणि विधवांना व्यावसायिक पदवी अभ्यासक्रमांसाठी, म्हणजे अभियांत्रिकी, वैद्यकीय, औषधनिर्माण, बी.एड., व्यवस्थापन अशांसाठी, ती मिळते. दरवर्षी ५,५०० नव्या शिष्यवृत्त्या असतात आणि त्या मुलगे व मुलींत निम्म्या-निम्म्या वाटल्या जातात. २०१९ मध्ये दर वाढवून मुलींसाठी महिन्याला ३,००० आणि मुलग्यांसाठी २,५०० रुपये करण्यात आला, आणि ही रक्कम वर्षाची एकदम खात्यात जमा होते. पात्रता परीक्षेत किमान ६० टक्के गुण हवेत आणि पुढे दरवर्षी नूतनीकरणासाठी किमान ५० टक्के मिळवून उत्तीर्ण व्हावे लागते. निवडीत पहिला क्रम कारवाईत कामी आलेल्यांच्या कुटुंबांचा, दुसरा कारवाईत अपंग झालेल्यांच्या, तिसरा सेवेमुळे मृत्यू झालेल्यांच्या, चौथा सेवेमुळे अपंग झालेल्यांच्या, पाचवा शौर्यपदक मिळवलेल्यांच्या, आणि सहावा अधिकारी पदाखालील सर्व माजी सैनिकांच्या मुलांचा असतो. सहाव्या गटात अर्जदारांची गर्दी असल्यामुळे तिथे गुणांची स्पर्धा तीव्र होते. पहिल्या चार गटांतील मुलांना मात्र ६० टक्क्यांची अट पार केली की बरीच खात्री असते. ज्या घराकडे तो प्राधान्याचा कागद नसतो ते घर नकळत सहाव्या गटातून अर्ज करते आणि ७० टक्के गुण असूनही यादीबाहेर राहते.

या योजनेतील एक अट मला फार सलते. अर्ज अभ्यासक्रमाच्या पहिल्याच वर्षी करावा लागतो. लॅटरल एंट्री, म्हणजे थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, असे मोजके अपवाद सोडले, तर दुसऱ्या वर्षी जागे झालेल्या मुलाला दार बंद असते. ज्या घरात वडील आहेत, त्यांचे मित्र आहेत, पलटणीचा व्हॉट्सॲप गट आहे, तिथे ही माहिती वेळेत पोहोचते. वडीलच गेलेले असतात त्या घरात ती पोहोचत नाही, आणि योजना मुळात त्याच घरासाठी आहे. पहिल्या चार प्राधान्यगटांपुरती तरी ही अट शिथिल करून कोणत्याही वर्षी अर्ज करण्याची मुभा द्यावी, असे मी संबंधित अधिकाऱ्यांना लेखी कळवले आहे आणि कळवत राहणार आहे. संख्येने ही मुले फार नसतात, त्यामुळे तिजोरीवर भार पडण्याचे कारण नाही.

वैद्यकीय प्रवेशाच्या बाबतीत केंद्राच्या राखीव कोट्यातील एमबीबीएस आणि बीडीएसच्या काही जागा केंद्रीय सैनिक बोर्डामार्फत सैनिकांच्या पाल्यांना दिल्या जातात आणि तिथेही कारवाईत कामी आलेल्यांची मुले पहिल्या क्रमावर असतात. नीटमध्ये पात्र ठरलेल्या मुलांनी राज्याच्या फेऱ्यांकडे डोळे लावून बसताना या दुसऱ्या वाटेचाही अर्ज करून ठेवावा. राज्यातील अभियांत्रिकी प्रवेशात सैनिकांच्या पाल्यांसाठी ५ टक्के जागा असतात आणि त्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र लागते. महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्तींच्या संकेतस्थळावर माजी सैनिकांच्या मुलांसाठी शैक्षणिक सवलतीची स्वतंत्र योजना आहे, ती अनेकांच्या नजरेतून सुटते. सैनिकी शाळांत, म्हणजे २३ जून १९६१ रोजी सुरू झालेल्या आमच्या साताऱ्याच्या शाळेत आणि अलीकडच्या चंद्रपूरच्या शाळेतही, ठरावीक जागा आजी-माजी सैनिकांच्या मुलांसाठी राखीव असतात, आणि आता मुलींनाही प्रवेश मिळतो.

निवृत्त होऊन गावी आल्यावर जे जवान आजारपणात गेले, त्यांच्या मुलांचा विचार शहीदांच्या चर्चेत होत नाही, आणि आमच्याकडे अशी घरेच संख्येने जास्त आहेत. त्यांच्यासाठी संरक्षणमंत्री माजी सैनिक कल्याण निधीतून शैक्षणिक अनुदान मिळते. हवालदार किंवा त्याखालील हुद्द्याच्या माजी सैनिकाच्या दोन मुलांना पहिलीपासून पदवीपर्यंत, आणि विधवेला स्वतः पदव्युत्तर शिक्षण घ्यायचे असेल तर दोन वर्षे, ते दिले जाते. ही रक्कम वर्षानुवर्षे महिन्याला १,००० रुपये होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये ती दुप्पट करून २,००० रुपये करण्यात आली. रक्कम लहान वाटेल, परंतु कोरडवाहू खटाव-माणमध्ये दोन मुलांचे मिळून वर्षाला ४८,००० रुपये म्हणजे एसटीचा पास, वह्या, परीक्षा शुल्क आणि वरचा किरकोळ खर्च भागवून उरण्याइतका आधार असतो. दरवर्षी मागील इयत्ता उत्तीर्ण झाल्याचा पुरावा जोडून पुन्हा अर्ज करावा लागतो, आणि याच पायरीवर पुष्कळ जण मागे राहतात.

सैनिक कल्याण विभागाच्या वसतिगृहांविषयी मला विशेष आत्मीयता आहे. पुण्यात मुख्यालय असलेला हा विभाग जिल्ह्याजिल्ह्यांत सैनिकांच्या मुला-मुलींसाठी वसतिगृहे चालवतो, आणि युद्धविधवा, माजी सैनिकांच्या विधवा यांच्या मुलांना व अनाथ मुलांना तिथे राहणे-जेवणे विनामूल्य असते. इथे मृत्यूच्या कारणाची चिकित्सा होत नाही. वडील सैनिक होते आणि आता नाहीत, एवढे पुरते. म्हणूनच मला ही व्यवस्था सर्वांत न्याय्य वाटते. माझ्या एका विद्यार्थिनीची आजी तिला अकरावीला तालुक्याच्या गावीसुद्धा पाठवायला तयार नव्हती. परंतु वसतिगृहाच्या अधीक्षिका स्वतः एका जवानाच्या पत्नी आहेत आणि संध्याकाळी हजेरी घेऊन फाटक बंद होते हे ऐकल्यावर आजीने स्वतःच मुलीची पेटी भरून दिली. जून उजाडला की प्रवेशाची सूचना निघते आणि थोड्याच दिवसांत जागा भरतात.

अपंग होऊन आलेल्या जवानाच्या घराची अडचण वेगळी असते. तिथे माणूस हयात असतो, त्यामुळे शोक करता येत नाही आणि मदतीला येणारी माणसेही लवकर पांगतात. पाठीच्या कण्याला गोळी लागलेला, खाटेवरून उठू न शकणारा बाप घरात असतो, आई त्याची सेवा करते, आणि दहावीतली मुलगी दोघांचे पाहते. खडकीला १९७४ पासून अशा जवानांसाठी पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे, आणि १९१७ मध्ये पहिल्या महायुद्धातील जखमींसाठी सुरू झालेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट ही संस्थाही खडकीतच अपंग जवानांना व्यवसाय शिकवते. कुटुंबाच्या शिक्षणात मी या संस्थांचाही समावेश करतो, कारण बापाच्या हाताला काम आणि मनाला उभारी आली की घरातील मुलाची शाळा सुटत नाही, हे मी पाहिले आहे. अपंगत्वाची टक्केवारी आणि ते सेवेमुळे आले की नाही, हे दोन्ही वैद्यकीय मंडळाच्या अहवालात लिहिलेले असते. घरात सगळ्यांना टक्केवारी तोंडपाठ असते, पण सवलतींसाठी दुसरी नोंद अधिक महत्त्वाची ठरते.

वीरपत्नीच्या स्वतःच्या शिक्षणाबद्दलही लिहायला हवे. कर्नल संतोष महाडिक नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात कामी आले. ते साताऱ्याच्या सैनिकी शाळेचेच विद्यार्थी. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांनी वयाची अट शिथिल झाल्यावर निवड मंडळाची परीक्षा दिली आणि चेन्नईच्या अधिकारी प्रशिक्षण प्रबोधिनीतील प्रशिक्षण पूर्ण करून सप्टेंबर २०१७ मध्ये त्या लेफ्टनंट झाल्या. सर्वांनी गणवेश चढवावा असे मी म्हणत नाही. परंतु विशी-पंचविशीत पती गमावलेल्या आणि बारावीवर शिक्षण थांबलेल्या बाईला डी.एड., बी.एड., परिचर्या असे काही शिकता येते आणि पंतप्रधान शिष्यवृत्तीत विधवांनाही अर्ज करता येतो, हे तिच्या सासरी समजावून सांगावे लागते. काही ठिकाणी मी आणि गावचे निवृत्त सुभेदार अण्णा असे दोघे मिळून गेलो आहोत. गणवेशातल्या माणसाने सांगितलेले सासऱ्यांना पटते, म्हणून अण्णा मुद्दाम पदके लावून येतात.

सध्या माझ्याकडे ‘नायक’ हुद्द्याच्या एका जवानाच्या मुलीचे प्रकरण आहे. वडील सेवेत असताना आजारी पडून गेले, मंडळाने आजार सेवेशी संबंधित नसल्याचा शेरा मारला आणि सर्वसाधारण निवृत्तिवेतन सुरू झाले. भरतीच्या वेळच्या तपासणीत त्या आजाराची नोंद नाही. त्यांची बरीचशी सेवा उंच बर्फाळ भागात झाल्याचे डिस्चार्जच्या कागदांवरून दिसते. २०१३ च्या निकालाची प्रत, वैद्यकीय कागदपत्रांची मागणी करणारा अर्ज आणि अपिलाचा मसुदा तयार झाला आहे. मुलगी यंदा बारावीला आहे. अपिलाचा निकाल तिच्या प्रवेशाआधी लागेल याची शाश्वती नाही, म्हणून सहाव्या गटातून शिष्यवृत्तीचा, वसतिगृहाचा आणि शैक्षणिक अनुदानाचा अशी सर्व अर्जांची तयारी आम्ही आत्ताच करून ठेवत आहोत. कोणाच्या घरात असे प्रकरण असेल तर पीपीओ आणि मंडळाच्या अहवालाची प्रत घेऊन आपल्या जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात जावे, दिलेल्या प्रत्येक अर्जाची पोच शिक्क्यासह घ्यावी, आणि मिळालेले उत्तर तोंडी असेल तर ते लेखी मागावे.